आवडाबाईची हरकत

— नाय, त्याला तिथंच राहू द्या, पाळकसाहेब. लिंबाखाली. तुमी या आत, तुमी आमच्या मंडळीचे पाळक, तुमाला कसं नाय म्हनू — ही खुर्ची घ्या, तिचा एक पाय लंगडा हाये, भिताडाला टेकवून बसा — पन तो बाहेर. उंबऱ्याच्या आत त्याची सावली बी नको. ऊन लागतंय म्हनता? लागू द्या. मार्च सरत आला, मुकुंदवाडीत ऊन लागनारच, आन् तो काय लोन्याचा गोळा हाये का इतळायला? मळ्यात वाढलेलं हाड ते. सायकलीवर डबलसीट आनलात व्हय त्याला? मागं बसवून? लई मोठं काळीज तुमचं. म्या खिडकीतनंच वळखला. सोळा वर्षं झाली, डोक्यावरचे केस गेले, तोंड सुकलं, पन चालन्यावरनं वळखला — त्याचा बाप बी असाच चालायचा, एक खांदा पुढं घालून, जसं काय समोरची हवा बी त्यांच्याच सातबाऱ्यावर हाये.

पानी? हा तांब्या घ्या. रांजनातलं हाये, थंड. — नाय, त्याला नाय. तुमी प्या आन् खाली ठेवा. त्याला पानी द्यायची एक रीत हाये, ती तुमाला ठाऊक नाय, त्याला बरोबर ठाऊक हाये. त्याची आई सरूबाई आमाला पानी द्यायची ना, ती रीत. त्यांच्या मळ्यात खुरपायला जायचो आमी, दुपारी विहिरीपाशी उभं राहायचं, ओंजळ करून खाली वाकायचं, आन् सरूबाई वरनं ओतायची — हातभर वरनं, तिच्या कळशीला आमचा वारा लागू नये म्हनून. निम्मं पानी कोपरावरनं लुगड्यात. बाई वाईट नव्हती बरं का — उन्हाळ्यात गुळाचा खडा बी द्यायची, पन तो बी वरनंच टाकायची. आन् हा मेरंवर, शेताच्या बांधावर बसून बघायचा. सांडू. असू द्या. तुमी प्या.

काहून आलात ते मला ठाऊक हाये, घुमवून सांगू नका. ऐतवारी ईस्टर. ईस्टरला बाप्तिस्मा. तुमी वेदीपुढं उभं राहनार, पुस्तक मिटनार आन् इचारनार — ‘सांडू यांना या मंडळीत घेण्यास कोणाची हरकत आहे काय?’ — बरोबर ना? आन् आपल्या मंडळीचा रिवाज असा, की एक जरी मानूस उभं राहिलं तरी पानी थांबतं. आधी समेट, मंग पानी. हा रिवाज कोनी घातला, ठाऊक हाये? माझ्या बापानं. मिशनच्या शाळंत मास्तर व्हता तो, आन् मंडळीचा पंच. म्हनायचा, मंडळी म्हंजे काय लग्नाची पंगत हाये का, की आला तो बसला? तर तुमी आधीच समेट करायला आलात. पंचांनी सांगितलं असंल, आवडाबाई उठनार. बरोबर सांगितलं. उठनार. गुडघे धरलेत तरी उठनार, काठी घेऊन उठनार, मागच्या रांगेलाबी दिसलं पायजे.

माफी. थांबा, थांबा — तो शब्द इतक्यात काढू नका. आधी काय झालं ते तरी ठाऊक हाये का तुमाला? तुमी नगरकडचे, तवा तुमी पाटी-पेन्सिल घेऊन शाळंत जात असाल. त्यानं सांगितलं व्हय? त्यानं त्याचं सांगितलं, आता माझं ऐका. अठ्ठ्याहत्तर साल. तिकडं मुंबईला ठराव झाला, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. नाव! आमच्या गावातल्या एकानं बी त्या विद्यापीठाचं फाटक बघितलं नव्हतं, ना त्यांच्यातल्या ना आमच्यातल्या. पन मोतीराम — माझा मालक — औरंगाबादच्या मोर्चात जाऊन आलता, आन् आला तो गळ्यात निळा रुमाल बांधून चावडीपुढनं चालत आला. तेवढंच केलं त्यानं. रुमाल बांधून चालला. आखाड सरत आलता. त्याला हिवताप भरला, घोंगडी घेऊन घरात पडलेला, आन् मी वढ्यावर धुनं घेऊन गेलते. ओरडा ऐकला, धुनं तिथंच टाकलं, पळत आले तर समदी वस्ती पेटलेली — आन् माझ्या दारातनं हा मागं सरकत व्हता. हातात काय नव्हतं त्याच्या. ना काडी, ना कंदील. कडी लावून हात रिकामा झालता. दाराची कडी, पाळकसाहेब. बाहेरची. छपराला काडी दुसऱ्यानं लावली असंल, मी नाय म्हनत, पन कडी ह्यानं लावली. म्या बघितलं, आन् त्यानं मला बघताना बघितलं, आन् मंग पळाला. हा तळवा बघा माझा. बघा, घाबरू नका. ती कडी म्या काढली. तव्यासारखी लाल झालती. आजबी भाकर थापताना ह्या हाताला कळत नाय पीठ किती पातळ झालं ते. मोतीराम दवाखान्यात आठवडाभर राहिला आन् गेला. कोर्टात म्या सांगितलं, दुसरं कोनी तोंड उघडलं नाय, हा सुटला. पेढे वाटले नायत, तेवढी लाज राखली त्यांनी.

आन् आता म्हनं कबूल करतो. तुमच्यापुढं केलं कबूल? कडीचं बी? … कडीचं बी सांगितलं. आन् आत मोतीराम हाये हे ठाऊक व्हतं, ते? … ते बी. — बघा. हेच मला नको व्हतं. खोटं बोलला असता तर लई बरं झालं असतं. ‘मी नव्हतोच’, ‘गर्दीत ढकलला गेलो’, ‘आत कोनी नसंल असं वाटलं’ — असलं काय बोलला असता तर मी त्याच्या तोंडावर थुंकले असते आन् माझं काम झालं असतं. खरं बोलून त्यानं माझ्या हातातली काठीच काढून घेतली. नाय, हाये अजून काठी माझ्या हातात, तुमी तसं समजू नका! आन् देव कवा आठवला त्याला? जमीन भावाभावांत वाटली, ह्याच्या वाट्याला खडकाळ तुकडा आला, वाळूजला कुठल्याशा कारखान्यात लागला, प्रेसवर उजव्या हाताची दोन बोटं गेली — तवा! तुमी दवाखान्यात आजाऱ्यांना भेटायला जाता, तिथं घावला तुमाला, हात बांधलेला, रडत बसलेला. दोन बोटं गेली तर देव आठवला, आख्खा मानूस जाळला तवा नाय आठवला. लई स्वस्त पडला देव त्याला.

व्हय व्हय, ठाऊक हाये मला काय म्हननार ते — येशू त्याच्या जागी मेला. त्याची सजा येशूनं घेतली. मास्तराची पोरगी हाये मी, मला नका शिकवू, तुमच्या जन्माच्या आधी म्या हे तोंडपाठ केलंय. त्याच्या जागी! माझा पुतन्या चिकलठान्याला कारखान्यात बदली कामगार हाये. कायम मानूस रजेवर गेला की ह्यानं त्याच्या जागी उभं राहायचं. पन कायम मानसानं मशीन मोडलं तर त्याचा मेमो बदलीवाल्याच्या हातात देतात का? नाय देत. तुमच्या देवाचा कारखाना उलटा — मोडलं सांडूनं, मेमो येशूला. बरं, दिला. येशूला चाललं, त्याची त्याला मर्जी. पन मला कोनी इचारलं का? आं? कडी माझ्या दाराची व्हती. तो देव असंल, आभाळ त्यानं केलं असंल, समुद्र त्यानं केला असंल — दार माझं व्हतं. माझ्या दाराची माफी मला न इचारता तिथं वरच्या वर कशी देऊन टाकली त्यानं?

सगळ्यांसाठी मेला म्हनता. सगळ्यांसाठी! जुने पाळकसाहेब असं नव्हते म्हनत. मोतीरामाला दवाखान्यातनं आनला तवा म्या त्यांचे पाय धरले, खरंच धरले, वाकून — मिशनच्या कबरस्तानात जागा द्या त्याला, म्हनलं, कोपऱ्यात द्या, भिंतीलगत द्या, म्हंजे माझी येळ आली की मी त्याच्या शेजारी. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हनाले, ‘आवडाबाई, ख्रिस्ताचे रक्त सगळ्या जगाला पुरेल एवढे आहे, पण ते लागू पडते विश्वास ठेवणाऱ्यालाच. मोतीराम बाहेरचा.’ पुरंल एवढं हाये पन मिळनार नाय! रांजन काठोकाठ भरलाय, पन तांब्या दावनीला बांधलाय. आन् माझा बाप तर त्यांच्याबी पुढचा. शाळंत आमच्याकडनं म्हनून घ्यायचा — देवानं जग करायच्या आधीच नावं ठरवलीत, ज्यांची नावं ठरली त्यांच्यापुरताच येशू मेला, बाकीच्यांसाठी नाय. बारकी व्हते तवा झोप लागायची नाय मला, आपलं नाव ठरलं असंल का, का देव नेमकं ‘आवडा’ म्हनायला इसरला असंल. मंग मोतीरामाला त्याच्या लोकांनी गावच्या वढ्याकाठी माती दिली. चांगली दिली. बुद्धवंदना म्हनली. मी बाजूला उभी.

आन् तो कसा मानूस व्हता, सांगू? दर ऐतवारी मला देवळापर्यंत सोडायला यायचा. जवळ नाय काय, चांगलं पायी चालायचं. आत यायचा नाय. बाहेर चिंचंखाली बिडी वढत बसायचा, ऊन आलं की झाडाच्या सावलीबरोबर सरकायचा, उपासना सुटंपर्यंत पार दुसऱ्या बाजूला गेलेला असायचा. मी म्हनायची, ये की आत, देव काय चावतो का. म्हनायचा, ‘तुझा बाप जन्मभर आत बसला, तरी सरूबाईनं त्याला पानी वरनंच ओतलं. बाबासाहेबांनी मला ताठ उभं राहायला शिकवलं. मी इथंच बरा, तुझा देव तुझ्यापाशी.’ कधी अडवलं नाय मला. माझं पवित्र शास्त्र फाटलं तर खळीनं पुट्ठा चिकटवून दिला. हा बाहेरचा! ह्याला जागा नाय!

म्या ऐकून घेतलं. गप ऐकून घेतलं, कारन नियम तो नियम. मंग आता पाळा की नियम! मोतीरामाच्या येळंला नियम लोखंडाचा व्हता, सांडूच्या येळंला मेनाचा झाला व्हय? — विश्वास ठेवला त्यानं. व्हय, ठेवला असंल. म्हंजे कडी लावनारा आत, आन् कडीच्या आत जळाला तो बाहेर. हे तुमचं प्रायश्चित्त! आन् मी मेले की मला पुरनार मिशनच्या कबरस्तानात, आन् उद्या हा मेला की ह्याला बी तिथंच. शेजारी! न्यायाच्या दिवशी उठले की पयलं तोंड कोनाचं बघायचं म्या — सांडूचं? एक पंच माझ्या घरी येऊन गेला मला समजवायला, म्हनला, ‘आवडाबाई, आपली मंडळी केवढीशी, वरच्या आळीतला मानूस येतोय, चांगलं दिसंल.’ चांगलं दिसंल! त्याला म्या चहा बी दिला नाय.

जानेवारीत विद्यापीठाला नाव लागलं ना, पुतन्या मला रिक्षात घालून घेऊन गेलता, फाटकापाशी पेढा भरवला. काय गर्दी, काय निळा गुलाल. खोटं कशाला बोलू, मी बी रडले, मोतीराम असता तर नाचला असता, त्याला नाचता येत नव्हतं तरी. पन पाटी वाचली म्या, मला वाचता येतं. नामांतर मागितलं व्हतं, नामविस्तार मिळाला — बाबासाहेबांचं नाव बी, मराठवाडा बी, दोन्ही एकाच पाटीवर. कोनी रुसू नये म्हनून. सरकारचं मला काय नाय, सरकारनं सरकारचं काम केलं. पन तुमी तेच करायलात, पाळकसाहेब. पाटी लांब करायलात. आवडाबाई बी बसंल, सांडू बी बसंल, एका चटईवर, एकाच पेल्यातनं पिऊ. पाटीवर दोन नावं बसत्यात. मानसं बसत नायत.

काय? … काय म्हनलात? परत म्हना. … जुने पाळकसाहेब चुकले? तुमी — तुमी असं म्हनताय? मोतीराम आत का बाहेर हे ठरवनारे आपन कोन, असं? हळू बोला, बाहेर तो ऐकतोय. … क्रुसावर हात पसरले ते सगळ्यांसाठी पसरले, एका बाजूला मोतीराम आला, म्हनून —

नाय. थांबा. कळलं मला. तुमी लई हुशार. मोतीराम घे आन् सांडू दे, असं ना? शहागंजच्या बाजारात बसलोय का आपन? सोळा वर्षं एकानं बी मला हे सांगितलं नाय, की मोतीराम आत असू शकंल, एकानं नाय, रोज रात्री ह्याच एका शब्दासाठी मी गुडघ्यावर बसले — आन् आज तुमी तो शब्द आनला, तो ह्या मानसाला मागं सायकलीवर बसवून आनला! सगळ्यांसाठी म्हनलं की दोघंबी आत. ठरलेल्यांपुरतं म्हनलं की मोतीराम गेला. मला रेघ पायजे, पाळकसाहेब. दोघांच्या मधनं. मोतीराम अलीकडं, सांडू पलीकडं. एवढी एक रेघ ओढा, मरोस्तवर मी देवाला दुसरं काय मागनार नाय. अशी रेघ नसती म्हनता? कशी नसती? मी ओढते की. दर महिन्याला ओढते, तुमच्या तबकातल्याच —

काय नाय. काय नाय म्हनलं ना. ते आपलं बोलन्याच्या भरात.

… बरं, बघा नका असं, सांगते. आता निघालंच तोंडातनं. प्रभुभोजनाला तुमी तबक फिरवता, भाकरीचे बारके तुकडे. मी घेते, तोंडाकडं हात नेते. समद्यांचे डोळे मिटलेले असत्यात, तुमचे बी. मी खात नाय. पदराच्या टोकाला गाठ मारते. दुसऱ्या दिवशी सकाळची यष्टी धरून गावाला जाते, वढ्याकाठी, मोतीराम जिथं हाये तिथं माती उकरते आन् ठेवते. तुकडा मोडून ठेवते, तुमी मोडता तसा. दीर बघत व्हता एकदा, म्हनला, ‘वहिनी, पिंड घालायलीस का? बाबासाहेबांनी हे समदं बंद केलं.’ म्हनलं, तू तुझी म्हस वळ, हा आमच्या दोघांचा मामला हाये. मुंग्या नेत्यात, मला का ठाऊक नाय? नेऊ द्या. मुंग्या खालीच जात्यात ना.

मी? माझं काय? … मी कुठला खाऊ? एका मानसाला एकच तुकडा देता तुमी. दोन उचलले तर पंच डोळे वटारतो. … व्हय. तवापासनं नाय खाल्ला. पेला बी नुसता ओठाला लावते. कशी पिऊ एकटी? त्याला तिथं जागा नाय तर मला काय करायची? माझ्या वाटचं त्याला दिलं. त्यानं आत बसावं, मी बसते बाहेर चिंचंखाली. बस, एवढंच. फिटंफाट.

असं बघू नका माझ्याकडं! काय झालं? डोळ्याला काय पानी आनताय? — खबरदार. खबरदार, ते येशूशी नेऊन जोडाल तर! तुमच्या ओठावर आलंय, मला दिसतंय, गिळा ते. ऐतवारी वेदीवरनं ‘आपल्या मंडळीत एक बाई आहे’ म्हनून सुरू केलंत ना, तर मी भर उपासनंतनं उठून जाईन आन् तुमच्या देवळाची पायरी परत चढनार नाय. मी काय त्यागबिग केला नाय. मला राग आलता देवाचा. रागानं केलं. रागानं केलेल्याला देव धरत नाय, ना?

आन् दुसरं काय चाललंय तुमच्या मनात तेबी ठाऊक हाये मला. ज्याचा विश्वास नव्हता त्याला आवडाबाईनं स्वतःच्या हातानं भाकर दिली, तवा हरकत कुनी घेतली? हेच ना? आन् तिसरं बी, जे तुमी बोलनार नाय, भले मानूस तुमी — हरकत घ्यायला मानूस भोजनातलं पायजे. ज्यानं प्रभूचं खाल्लं नाय त्याचा आवाज धरायचा नाय. माझ्याच बापाचा रिवाज, मलाच आडवा आला. तर जा आता, सांगा पंचांना. सांगा, आवडाबाई सोळा वर्षं उपाशी हाये, मंडळीतली नाय ती, उठली तरी धरू नका. झालं तुमचं काम! … नाय सांगनार? काहून नाय सांगनार? सांगा की! दया करू नका माझ्यावर, पाळकसाहेब. दया मला सोसत नाय. भांडा माझ्याशी. तुमी भांडत का नाय?

… काय पडलं बाहेर? सायकल? — तो बसला व्हय खाली. तोंड बघा कसं झालंय, पार पांढरंफेक. सकाळपासनं काय खाल्लंय का त्यानं? उपास? कशाचा उपास? … बाप्तिस्म्यापर्यंत. आन् ह्या उन्हात आनलात त्याला. तुमाला अक्कल हाये का? इथं माझ्या दारात मेला तर? आं? लोक काय म्हनतील, आवडाबाईनं सोळा वर्षांनी — नाय. माझ्या दारात मरायचं नाय त्यानं. मरायचं तर तिकडं वाळूजला जाऊन मर. आना तो तांब्या. — नाय, तुमी नका देऊ. सरका. घर माझं, रांजन माझा, पानी मी देनार. आन् माझ्या रीतीनं देनार. त्याच्या आईच्या रीतीनं.

ए सांडू. ऊठ. वर बघू नको, माझ्याकडं बघायचं नाय. हात पुढं कर. असं नाय — ओंजळ. ठाऊक हाये ना? मेरंवर बसून लई बघितलंयस. वाक. अजून वाक. हां. … धर.

… गळतंय. नीट धर की. बोटं जवळ घे. — नायत व्हय बोटं. … दोन बोटांची जागा मोकळी, कसं ठरनार पानी तिथं. खालच्या खाली चाललंय समदं. … हात मागं घे आता. बघा, पाळकसाहेब, निम्मा तांब्या मातीत गेला, थेंब गेला नाय तोंडात, तरी ओंजळ सोडत नाय, तसाच वाकलाय. का सोडत नायस? बोल की! — नाय, नको. बोलू नको. तू बोललास तर मी हाच तांब्या तुझ्या डोक्यात घालीन.

धर. तांब्याच धर. दोन्ही हातांनी. तोंड लाव. लाव म्हनते ना तोंड! … हळू. ठसका लागंल.

झालं? — माझ्याकडं नको देऊ. तुझ्याकडंच ठेव तो. घासून नको, धुऊन नको, परत आनायचाच नाय. त्याला आता मी तोंड लावनार नाय. आन् पाळकसाहेब, तुमी नीट ऐका, ही माफी नाय. पानी हाये. मंडळीत जाऊन दुसरं काय सांगितलंत तर याद राखा. ऐतवारी? ऐतवारी मी गावाला जानार हाये. ईस्टर असू द्या नायतर काय असू द्या, मोतीरामाकडं जाईन, ह्या बारीला मोकळ्या हातानं. तुमी तुमचं इचारा — हरकत हाये काय, हरकत हाये काय — माझ्या मोकळ्या जागंला इचारा. ती काय म्हनंल ते म्हनंल. मोतीरामाचं जे बोललात तेवढं — ते खरं का मला पटवायला बोललात, ते आज सांगू नका. नंतर कवातरी सांगा. एकटे या.

उठा आता. त्याला पुढं दांडीवर बसवा, मागनं पडंल. दार? राहू द्या, ओढू नका, तुमाला नाय लागायचं ते. बाहेरनं कडीच नाय त्याला. म्या बसवूच दिली नाय. सुतार इचारीत व्हता, आवडाबाई, गावाला गेलीस तर कुलूप कुठं लावशील? म्हनलं, नाय लावनार. निघा.